पंच्याण्णवच्या वर

७ जून, रविवार

एकसष्ट. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा — फक्त एकसष्ट! गेल्या वर्षी याच रविवारी अकराशे चौदा मोटरसायकली मोजल्या होत्या.

मोठ्या आवाजाच्या मोटरसायकलींवरच्या बंदीचा पहिला रविवार. खाली पुलाजवळ पिर्मिन हवालदार उभा होता. गाडीच्या कागदावर आवाजाचा आकडा छापलेला असतो. पंच्याण्णव डेसिबलपर्यंत असेल तर खिंडीत जा. शहाण्णव असेल तर दंड भर आणि सीमेपलीकडे जर्मनीत परत जा. गाडी प्रत्यक्षात किती ओरडते ते कुणी ऐकत नाही. या कामाला पिर्मिनला कान लागत नाहीत, चष्मा लागतो.

आमचं घर खिंडीखालच्या शेवटच्या वळणावर. इथे मोटरसायकलवाले गिअर उतरवतात, वळण संपलं की मूठ पिळतात. कपाटातले पेले हलतात. सात वर्षं मी बंदीसाठी अर्ज लिहिले. आज पहिल्यांदा ओढ्याचा आवाज ऐकला. वाटलं होतं त्यापेक्षा सुमार आहे. गळक्या नळासारखा. पण हवा होता तो हाच.

८ जून

सासूबाई दिवसभर खिडकीत. जेवताना म्हणाल्या, "गावात कुणी गेलंय का? रस्ता सुतकात असल्यासारखा दिसतोय."

१९ जून, शुक्रवार

इन्सब्रुकला पाच वर्षं साहित्य शिकले. हिंटरएगच्या कचेरीत तेवीस वर्षं शिक्के मारते आहे. माझ्या टेबलापुढे रांग लागलेली आज पहिल्यांदा पाहिली.

अकरा पुरुष. सगळे साठीच्या पुढचे, सगळे सीमेपलीकडच्या बव्हेरियाचे, चामड्याच्या पँटी करकरतायत. प्रत्येकाच्या हातात रहिवासी नोंदीचा अर्ज. आम्ही हिंटरएगला कायमचे राहायला आलोय, म्हणाले. या गावात राहायला शेवटचं कोण आलं होतं? मीच. लग्न होऊन.

कळायला वेळ लागला नाही. आमच्या बंदीत एक ओळ आहे : खिंडीखालच्या गावांत कायम राहणाऱ्यांना ती लागू नाही. ती ओळ नसती तर सरपंच गेबहार्डने सहीच केली नसती — त्याच्या स्वतःच्या गाडीच्या कागदावर नव्व्याण्णव आहे. ओळ मी लिहिली. आटोपशीर, एकही शब्द जास्तीचा नाही. मला तिचा अभिमान होता.

रांगेत पहिला लोरेन्स नावाचा माणूस. केम्प्टनचा. जन्मभर चर्चचे ऑर्गन बांधले, आता निवृत्त. हेल्मेट काखेत धरून, टोपी काढून उभं राहावं तसा उभा. म्हणाला, "घरमालकाची सही खाली केलेली आहे, बाई."

सही पाहिली. क्रेसेंत्स. पत्ता पाहिला. माझा.

घरमालकाची सही असली की शिक्का नाकारता येत नाही. मारले. अकरा.

तोच दिवस, संध्याकाळ

सासूबाईंना जाब विचारला. त्या वाटाणे सोलत होत्या, सोलतच राहिल्या. घर आपल्या नावावर आहे याची त्यांनीच आठवण करून दिली. माळ्यावर जागा आहे याचीही. मग म्हणाल्या, "तुझा नवरा — म्हणजे माझाच मुलगा — नऊ वर्षांपूर्वी व्हिएन्नाला त्या बाईकडे राहायला गेला. एक गेला, अकरा आले. मी तक्रार कशाला करू?"

मी म्हटलं, आई, ही माणसं इथे राहणार नाहीत, फक्त कागदावर राहतील.

"तोही कागदावर राहतोच की इथे. तू त्याचं नाव अजून काढलेलं नाहीस."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला एवढं लक्षात राहतं.

२८ जून, रविवार

अठ्ठावन्न. त्यातल्या अकरा आमच्याच अंगणात थांबल्या. पिर्मिनने पुलावर अडवलं होतं. त्यांनी माझा शिक्का दाखवला. पिर्मिनने टाचा जुळवून "गावात स्वागत आहे" म्हटलं म्हणे.

पण एका गोष्टीत त्याने त्यांना पकडलंच. आपल्याकडे मोटरसायकलवर पट्ट्या-बँडेजचा डबा ठेवावा लागतो. जर्मनीत लागत नाही. एकाकडेही नव्हता. सासूबाईंनी बिस्किटांचे रिकामे डबे काढले. जुनी पांढरी चादर फाडली. संध्याकाळपर्यंत अकरा डबे तयार. प्रत्येकावर ख्रिसमसचा देवदूत.

ती चादर माझ्या रुखवतातली होती.

५ जुलै

अर्धा डझन बव्हेरियन माझ्या अंगणात लाकडं फोडतायत. भाडं म्हणून. हिवाळ्याची बेगमी जुलैत झाली. आवाज? कुऱ्हाडीचा आकडा कुठल्याच कागदावर नसतो.

२६ जुलै, रविवार

आज मजा आली. खरं तर यायला नको होती.

नोंदीला महिना उलटून गेला. पिर्मिनने पुलावर लोरेन्सला थांबवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, इथेच राहता ना? लोरेन्स म्हणाला, हो. मग गाडीला जर्मन नंबरप्लेट कशी? इथल्या रहिवाशाने महिन्याभरात इथली प्लेट लावायला हवी. "इथे राहत नसाल तर आवाजाचा दंड," पिर्मिन म्हणाला, "राहत असाल तर प्लेटचा. मला काय, दोन्ही पावतीपुस्तकं खिशात आहेत. तुम्ही सांगा, कुठे राहता."

लोरेन्सने थोडा विचार केला म्हणे. म्हणाला, "क्रेसेंत्सबाईंकडे."

प्लेटचा दंड भरला.

हे सगळं त्यानेच जेवणाच्या टेबलावर सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. भांडी घासताना हसले.

१६ ऑगस्ट, रविवार

अकराही जणांना आमच्या तिरोल प्रांताच्या नंबरप्लेटी मिळाल्या. आता पिर्मिन त्यांना हात करतो.

पण तिकडे केम्प्टनमध्ये — स्वतःच्या गल्लीत, स्वतःच्या बेकरीसमोर — लोरेन्सला जर्मन पोलिसाने अडवलं. तिरोलची गाडी, आवाज मोठा. पोलीस म्हणाला, "तुम्ही लोक आम्हाला तुमच्याकडे येऊ देत नाही आणि इथे येऊन कल्ला करता?" लोरेन्सने सांगून पाहिलं की आपण याच गल्लीत जन्मलो. पोलिसाने कागद पाहिला. कागदावर हिंटरएग.

३० ऑगस्ट, रविवार

लोरेन्सने आवाज मोजायचं यंत्र आणलं. ऑर्गनवाल्यांकडे ते असतंच, म्हणाला. ओसरीत लावून बसला. मीही बसले — मोजणी माझी आहे.

त्याची स्वतःची गाडी, कागदावर सत्त्याण्णव : हळू चालवली तर दूधवाल्याच्या टेम्पोपेक्षा कमी. सरपंचांच्या पुतण्याची, कागदावर चौऱ्याण्णव, कायद्याने निर्मळ : काटा पलीकडे जाऊन आदळला. आमच्या चर्चची घंटा : तिच्यापुढे दोन्ही पोरखेळ.

"मग घंटेवर बंदी घाला," मी म्हटलं.

"घंटा सुरात आहे, हेडविगबाई. तुमचा राग आवाजावर नाहीये. बेसुरेपणावर आहे."

मी म्हटलं, माझा राग सात वर्षांचा आहे, त्याला सूर लावायला जाऊ नका. त्याने काटा शून्यावर आणला. पण यंत्र आवरताना मला दिसलं — सासूबाईंच्या हसण्याचाही आकडा त्याने वहीत लिहून घेतला होता.

१३ सप्टेंबर, रविवार

सासूबाई मागच्या सीटवर बसून खिंडीत जाऊन आल्या! हेल्मेटमध्ये चेहरा सफरचंदासारखा. मी म्हटलं हाडं मोडतील. म्हणाल्या, "कुणाची? लोरेन्सची? मी काही एवढी जड नाही."

३१ ऑक्टोबर

बंदीचा हंगाम संपला, खिंडीत बर्फ. अकरा गाड्या आमच्या गोठ्यात, घोंगड्यांखाली. गोठ्यात शेवटची गाय होती त्याला वीस वर्षं झाली. सासूबाई सकाळी दार उघडून एकदा आत बघून येतात.

२८ नोव्हेंबर

लोरेन्स बसने आला. माळ्यावरची मोडकी बाजाची पेटी दुरुस्त करतोय. दर शनिवारी येतो. कागदावर राहणारा माणूस इतक्या वेळा येत नाही, असं मी म्हटलं. सासूबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना उत्तम ऐकू येतं.

१२ जानेवारी

मतदारयादी छापून आली. फेब्रुवारीत गावची निवडणूक. यादीत ती अकरा नावंही.

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! युरोपातला कुठल्याही देशाचा माणूस इथे कायमचा राहत असेल तर गावापुरतं मत देऊ शकतो. आणि हे कायमचे राहतात. शिक्का आहे. माझा.

गावच्या ठरावाशिवाय जिल्हा बंदी चालू ठेवणार नाही. गेबहार्ड निवडून आला तर बंदी राहील. हॉटेलवाला आल्विन आला तर जाईल — त्याच्या गच्चीवर पूर्वी दर रविवारी दोनशे हेल्मेटं जेवायची. चारशे मतं नाहीत गावात. अकरा म्हणजे सगळं काही.

गेबहार्ड दुपारी कचेरीत आला, दार लावून घेतलं. नावं काढ म्हणाला. खोटी नोंद आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी म्हटलं, काढते. कारण लिहावं लागेल : घरमालकिणीने खोटी सही केली. म्हणजे आईंवर खटला. आणि शिक्का मारणारीला माहीत होतं, म्हणजे मी घरी.

तो माझ्या खुर्चीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी ती एक ओळ, हेडविग." दार न लावता गेला.

१४ फेब्रुवारी, रविवार

आल्विनने अकरा जणांना जेवायला बोलावलं. हरणाचं मांस, फुकट बिअर, भाषण. निवडून आलो की पहिल्या बैठकीत बंदी मोडतो, खिंड सगळ्यांना मोकळी. ते जेवले. टाळ्या वाजवल्या. दोघांनी तर गाणंही म्हटलं.

लोरेन्सला विचारलं, मत कुणाला? म्हणाला, मतदान गुप्त असतं. असं बव्हेरियातही असतं, म्हणाला.

एप्रिलपासून पुन्हा पेले हलणार. एक-एक पेला कागदात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवला.

२८ फेब्रुवारी, रविवार

गेबहार्ड १८७. आल्विन १७८.

तीनदा मोजलं. नऊ मतांनी. मी टेबलाशी बसून बघतच राहिले. आल्विनही बघत राहिला — अकरा जणांकडे. ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते, पहिल्यांदाच चर्चमध्ये प्रसाद घ्यायला आलेल्या पोरांसारखे निष्पाप.

१ मार्च

लोरेन्सने खुलासा केला. इतका सरळ की मला माझ्याच शिक्षणाची लाज वाटली.

"बंदी मोडली असती तर रविवारी हजार गाड्या आल्या असत्या. आज आम्ही अकरा आणि वर चाळीस-पन्नास. रिकामा रस्ता, एक ट्रक नाही, परक्यांची गर्दी नाही. अशी खिंड आम्ही तरुणपणीही पाहिली नव्हती. बाई, आम्ही इथे राहतो. बाहेरच्यांचा गोंगाट आम्ही कशाला सहन करू?"

"बाहेरचे कोण?"

"जर्मन," तो म्हणाला.

१९ मार्च

आता कहर आहे! अकरा जणांनी जिल्ह्याला अर्ज पाठवलाय. बाहेरच्यांसाठी मर्यादा पंच्याण्णववरून नव्वद करावी. भाषा ओळखीची वाटली. वाक्यंच्या वाक्यं माझ्या जुन्या अर्जांतली. सासूबाईंनी माझी फाइल काढून दिली होती.

"तुझं लिहिणं चांगलं आहे, हेडी," सासूबाई म्हणाल्या. "कुणी तरी पहिल्यांदा आवडीने वाचलं."

३० मार्च

आल्विनने तक्रार केली. जिल्ह्याची तपासनीस बाई आज आली. माळ्यावर अकरा खाटा, अकरा उशा, अकरा दाढीचे ब्रश. नवे कोरे. तिने एक ब्रश उचलून वास घेतला आणि परत ठेवला.

सासूबाईंना विचारलं, ही माणसं खरंच इथे राहतात का.

"मला एक सांगा," सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा या घरात जन्मला, नोंद इथेच आहे, नऊ वर्षांत नऊ वेळा आला नाही. हे महिन्यातून चारदा येतात, लाकडं फोडतात, जेवल्यावर ताट उचलतात. राहणं कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी म्हातारी आहे, मला फक्त कोण येतं ते कळतं."

बाईने पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं : नोंदी मान्य.

जाताना माझ्याकडे आली. खोटेपणा सिद्ध करण्यात कुणाला रस नाही, म्हणाली. भानगड त्या एका ओळीत आहे. रहिवाशांची सूट ठेवायची की काढायची — मूळ मसुदा तुमचा, तर लेखी मत तुम्हीच द्या. शुक्रवारपर्यंत. "तुम्ही लिहाल तसं होईल. आम्हाला यात डोकं घालायचं नाही."

१ एप्रिल

सूट राहिली तर : अकरा आता, पुढल्या वर्षी बावीस. आल्विनने आत्ताच वीस खोल्यांत कायमचे रहिवासी ठेवायचं ठरवलंय — तोही शिकला. मग पन्नास. मग पेले.

सूट गेली तर : पंच्याण्णवच्या वर कुणीच नाही. गेबहार्डही नाही. शून्य.

सासूबाईंना सांगितलं नाही. त्या गोठ्यात घोंगड्या झटकत होत्या.

२ एप्रिल

चार ओळी लिहिल्या. सूट काढावी. कुणाचंही नाव घेतलं नाही, एकही विशेषण नाही. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण. पोस्टात टाकलं.

८ एप्रिल

मंजूर. पंधरा तारखेपासून पंच्याण्णवच्या वर कुणीच नाही — गावचा असो की परका.

गेबहार्ड बोलत नाही. पिर्मिन म्हणाला, आता मी कुणाला हात करू?

लोरेन्स बसने आला, कागद वाचला, घडी घालून परत दिला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "स्वच्छ लिहिलंय." गाड्या सोमवारी नेतो म्हणाला. त्याच दिवशी नोंदीही काढून टाकतो. आता इथल्या प्लेटी ठेवून काय करायचं?

सासूबाई मध्येच उठून आत गेल्या. जेवणाला आल्या तेव्हा एवढंच विचारलं की बाहेर राहायला गेलेल्याची नोंद काढायचा अर्ज कसा असतो, लांबलचक असतो का. मी म्हटलं, नाही, अर्ध्या पानाचा. व्हिएन्नावाल्याचं नाव काढून टाकायचं त्यांच्या मनात आलं असावं. बरं वाटलं.

१२ एप्रिल, सोमवार

सकाळी नऊला रांग. अकरा अर्ज घेतले, अकरा शिक्के मारले. मग अकरांच्या मागून सासूबाई पुढे आल्या, हेल्मेट काखेत. बारावा अर्ज. नवा पत्ता केम्प्टन, घरमालकाची सही लोरेन्सची. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तो इथेच राहणार होता, हेडी. नोंदीपुरता नाही." शिक्का नाकारता येत नाही. मारला. बारा जण गेले, आवाज वळणापर्यंत ऐकला, मग त्यापुढेही. आता घरात माझ्या नावाखेरीज एकच नाव उरलंय, आणि ते व्हिएन्नात राहतं.